गाडी नवी, टायर नवे, मग बदलायचे कशाला?

पत्र थोडक्यात असं. रत्नागिरी तालुक्यातला 28 वर्षांचा वाचक आहे. पाडव्याला स्वतःच्या पैशाची पहिली गाडी घेतली, दीड लिटर टर्बो पेट्रोल, 150 पीएसची सेडान. आत्तापर्यंत 1,900 किलोमीटर झालेत. गेल्या आठवड्यात वळवाची सर येऊन गेल्यावर आंबा घाट चढताना एका वळणावर पुढचं चाक जागच्या जागी फिरलं, डॅशवर पिवळा दिवा लुकलुकला आणि गाडी क्षणभर बाहेर सरकल्यासारखी वाटली. मित्र म्हणतात कंपनीचे टायर म्हणजे प्लॅस्टिक, काढून टाक, 17 इंची अलॉय घाल आणि 225 मिमी रुंदीचे सॉफ्ट टायर चढव. परदेशातले व्हिडिओ बघितले तर तिथे पण सगळे पहिलं काम तेच करतात. वडील एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेत, ते म्हणाले नवे टायर काढून टाकायला पैसे वर आलेत काय, आणि त्यानंतर दोन दिवस धड बोललेले नाहीत. गाडीचा हप्ता 7 वर्षांचा. अलॉय आणि टायर मिळून लाखाच्या आसपास खर्च. पावसाच्या आधी बदलू का थांबू?

अरे, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. साइज, ब्रँड, अलॉयचे फोटो, सगळं पाठवलंयस, पण मला अडकवलं ते मधेच कुठेतरी सहज लिहून गेलेल्या एका वाक्याने. तू लिहितोस, "हवा मी अजून चेक केली नाही, शोरूमवाल्यांनी भरलेलीच आहे." 1,900 किलोमीटर, दोन महिने, मे महिन्यातलं ऊन, आणि हवा बघितलीच नाही! लाख रुपयांच्या गोष्टी नंतर करू, आधी हे.

नवी गाडी कारखान्यातून निघते तेव्हा टायरमध्ये हवा मुद्दाम जास्त भरलेली असते. गाडी ट्रेलरवर बांधून येते, मग यार्डात कितीतरी दिवस एकाच जागी उभी राहते, टायर खाली चपटा होऊ नये म्हणून तसं करतात. डिलिव्हरीच्या आधी शोरूमने ती कमी करून स्टिकरवरच्या आकड्यावर आणायची असते. पण पाडव्याच्या दिवशी त्यांच्याकडे हार, पेढे, नारळ, फोटो आणि रांगेत उभ्या वीस गाड्या, त्यात कोणाचं तरी राहून जातं. माझ्या ओळखीतल्याच एका नव्या गाडीत 44 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) निघाली होती. हवा एवढी असली की टायर मधे फुगतो आणि रस्त्याला नुसता मधला पट्टा टेकतो, कडा नावाला. त्यात घाटातला उखडलेला रस्ता असला की चाक चेंडूसारखं टणटण उडतं, आणि हवेत उडालेल्या चाकाला ग्रिप कुठून येणार.

तर उद्या सकाळी गाडी चालू करायच्या आधी, टायर थंड असताना, हवा बघ. पंपावर जाऊन नको, पंपापर्यंत जाताजाता टायर गरम होतो आणि आकडा तीन-चार पीएसआयने वर दिसतो, शिवाय पंपावरच्या मीटरवर माझा काडीचा विश्वास नाही. तीन-चारशे रुपयांत स्वतःचा डिजिटल गेज मिळतो, तो घेऊन डिकीत टाकून ठेव. आकडा किती ठेवायचा ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर नाहीतर पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो त्यावर लिहिलंय. टायरच्या बाजूला जो मॅक्स प्रेशर म्हणून आकडा छापलेला असतो तो भरायचा नसतो, ती टायरची मर्यादा आहे. आणि कोणी नायट्रोजन भर म्हणून मागे लागला तर हरकत काही नाही, पण आपण श्वास घेतो त्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो एवढं डोक्यात ठेवून मग पैसे दे.

आता तुझा तो आंबा घाट. तू धरून चाललायस की चाक फिरलं म्हणजे टायर वाईट. मला विचारशील तर त्या दिवशी तिथे निदान चार गोष्टी जमल्या होत्या. हवेचं बोललो. दुसरी म्हणजे ती वळवाची सर. ऑक्टोबरपासून मेपर्यंत घाटातल्या रस्त्यावर ट्रकांचं गळलेलं ऑइल, डिझेल, झिजलेल्या रबराचा भुगा आणि वरून आपली लाल धूळ बसत असते, पहिल्या सरीला ते सगळं वर तरंगतं आणि रस्ता साबण लावल्यासारखा होतो. जुलैत धो धो पावसात धुतलेला रस्ता त्या मानाने कितीतरी बरा, हे घाटात रोज ये-जा करणाऱ्या कोणालाही विचार. त्यात मिऱ्या-नागपूर हायवेच्या कामाची माती जिथे रस्त्यावर आलेली असते तिथे तर लोणीच. तिसरी गोष्ट तुझा उजवा पाय, रागावू नको. तुझ्या इंजिनचा 250 न्यूटनमीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, 1,600 आरपीएमलाच येऊन उभा राहतो, आणि तो सगळा पुढच्या दोन चाकांवर, त्याच चाकांनी वळायचं पण आणि ओढायचं पण. चढावर गाडीचं वजन मागे जातं, पुढचं चाक हलकं होतं, तू वळणातच सेकंडमध्ये ॲक्सिलरेटर दिलास, टर्बोने उचललं, झालं. ह्याच्या आधी तू काय चालवत होतास ते लिहिलंयस, आठशे सीसीची मारुती. तिला वळणात कितीही पिळलं तरी चाक फिरवण्याएवढी ताकदच तिच्यात नव्हती, त्यामुळे वळणात हलकं राहायची सवय तुझ्या पायाला लागायचं कारणच नव्हतं.

आणि तो पिवळा दिवा. तो लुकलुकला म्हणजे काहीतरी बिघडलं असं नाही. तो ईएससीचा दिवा, म्हणजे घसरणारी गाडी आवरणाऱ्या सिस्टीमचा, चाक सुटतंय हे तिला कळलं, तिने इंजिनची ताकद कमी केली, फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावला आणि तुला रेषेत आणलं. दिवा लुकलुकायचा थांबून पेटलेलाच राहिला तर मात्र वर्कशॉप गाठ.

एवढं सगळं सांगितल्यावर तुला वाटेल काका बाबांच्या पार्टीत. तसंही नाही. चौथी गोष्ट टायरच आहे, आणि तुझ्या मित्रांचं त्यात थोडं खरं आहे.

कंपनी गाडीला टायर निवडते तेव्हा तिच्यापुढे बरीच गिऱ्हाइकं असतात. मायलेजचा आकडा चांगला यायला हवा म्हणून टायर सहज घरंगळणारा हवा, आवाज करायला नको, चाळीस-पन्नास हजार किलोमीटर टिकायला हवा नाहीतर लोक शिव्या घालतात, खड्ड्यात फाटायला नको, आणि लाखो टायर घ्यायचे तर स्वस्त पण हवा. ह्या सगळ्यांची समजूत काढता काढता ओल्या रस्त्यावरची पकड कुठेतरी मागच्या बाकावर जाऊन बसते. शिवाय तुझ्या गाडीच्या एक लिटरवाल्या साध्या व्हेरियंटला आणि तुझ्या 150 पीएसवाल्या व्हेरियंटला टायर बऱ्याचदा एकच असतो. खऱ्या महागड्या परफॉर्मन्स गाड्यांचं वेगळं असतं, तिथे टायर त्या गाडीसाठी खास बनवून घेतात आणि बाजूवर खूण पण असते, बीएमडब्ल्यूला चांदणी, मर्सिडीजला एमओ, पोर्शला एन आणि पुढे आकडा. असली गाडी असणारा कोणी वाचत असेल तर त्याने कंपनीचा टायर काढायच्या भानगडीत पडूच नये, झिजला की तीच खूण बघून तोच घ्यावा. पण वीस लाखाच्या आतली, जोरकस इंजिनची आणि साध्या टायरची जी आपली जमात आहे, तिच्याबाबतीत मित्र म्हणतात ते निम्मं बरोबर.

निम्मंच का, तर त्यांनी तुला दोन गोष्टी एकत्र बांधून दिल्यात, सॉफ्ट आणि रुंद. त्या सोडवून वेगळ्या कर.

गाडी ओल्यात घसरते ती दोन तऱ्हांनी. एक घाटातली, 30-40 च्या स्पीडला, पाण्याचा पातळ थर आणि बुळबुळीत डांबर. इथे कामाला येतं ते रबर, मऊ आणि पाण्यात चिकटणारं. दुसरी हायवेवरची, नव्या चौपदरीवर 80-90 ने जाताना कडेला किंवा पुलाच्या तोंडाशी तळं साचलेलं असतं त्यात गाडी शिरते आणि टायर पाण्यावर तरंगतो, स्टेअरिंग एकदम हलकं होतं, पोटात गोळा येतो. इथे रबर मऊ असून उपयोग नाही कारण रबर रस्त्याला लागतच नाही. इथे कामाला येतात त्या खाचा, किती खोल आणि पाणी किती लवकर बाहेर फेकतात त्या, आणि टायर किती अरुंद आहे ते. हो, अरुंद. रुंद टायरला तेवढ्याच वेळात जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणून तो आधी तरंगतो. होडी आणि फळी, कोणती पाणी कापते आणि कोणती वर बसते ते तुला खाडीकाठच्या माणसाला मी काय सांगू.

साठच्या दशकात नासाच्या लोकांनी विमानाच्या टायरवर प्रयोग करून ह्याचं ढोबळ सूत्र काढलं होतं, त्यात तरंगायचा स्पीड हवेच्या दाबावर ठरतो. हिशोब करून बघ, 32 पीएसआयला साधारण 94 किमी येतो आणि हवा 25 वर उतरली तर 83. गाडीच्या रुंद टायरला प्रत्यक्षात ह्याच्याही आधी होतं, पण मुद्दा काय, तर हवा सात पीएसआय कमी झाली की आपण होऊन दहा-अकरा किलोमीटरची सुरक्षितता घालवली. आता तू हुशारी करून म्हणशील मग 44 हवा चांगलीच की. तळ्यापुरती हो, पण घाटात तिनेच तुला दगा दिला असणार ना. म्हणून स्टिकरवरचा आकडा, ना वर ना खाली.

आता तुझं ते 17 इंची. आत्ता तुझ्या गाडीला 205/55 आर16 आहे. 205 ही रुंदी मिलिमीटरमध्ये, 55 म्हणजे त्या रुंदीच्या 55 टक्के बाजूची भिंत, म्हणजे साधारण 113 मिमी रबर, आणि 16 म्हणजे रिम किती इंची ते. मित्रांनी सांगितलेला 225/45 आर17, त्याची भिंत 101. पूर्ण चाकाची उंची जवळपास तेवढीच राहते, अर्ध्या टक्क्याचा सुद्धा फरक नाही, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडेल वगैरे जे कोणी सांगत असेल ते सोडून दे. पण खड्डा आणि रिम ह्यांच्यामध्ये जे रबर असतं ते 12 मिलिमीटरने कमी झालं. बोटाच्या रुंदीएवढं. गुळगुळीत रस्त्यावर ह्याचा फायदा होतो, गाडी वळणात चटकन वळते, मजा येते, मी नाही म्हणत नाही. कोकणात मात्र त्या बोटभर रबराची किंमत एका रात्रीत कळते.

मला कळली ती वाटूळजवळ. बरीच वर्षं झाली, हायवे दुपदरी होता, मी पण तुझ्यासारखाच हौसेने रुंद लो-प्रोफाइल टायर आणि चमकणारे अलॉय घालून घेतले होते. जुलै महिना, रात्री अकराच्या पुढे, कुडाळहून परत येत होतो. समोरून लक्झरी डिपर न देता अंगावर आली, मी डावीकडे घेतली आणि पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचं चाक गेलं. आवाज आला तो रबराचा नव्हता, पातेलं फरशीवर आपटल्यासारखा. उतरून मोबाइलच्या उजेडात बघतो तर टायरच्या बाजूला उकडलेल्या अंड्याएवढा फुगा आणि रिमच्या कडेला आत वळलेली घडी. फुगा म्हणजे आतल्या दोऱ्या तुटलेल्या, त्याला पॅच नाही, काही नाही, टायर गेला. स्टेपनी जुन्याच साइजची, तिच्यावर चाळीसने रत्नागिरी गाठली. मग पुढची गंमत. रत्नागिरीत ती साइज कोणाकडेच नाही, कोल्हापूरला आहे म्हणाले, तर आंबा घाटात दरड आलेली. टायर एसटीच्या पार्सलने सहाव्या दिवशी आला. तेवढे दिवस मी ऑफिसला रिक्षाने. त्या पावसानंतर अलॉय विकले आणि गाडी पुन्हा मूळ साइजवर आणली, ती शेवटपर्यंत.

16 इंची 205/55 ही साइज आज चिपळूण, रत्नागिरी, कणकवलीत चांगल्या टायरवाल्याकडे मिळून जाते किंवा दुसऱ्या दिवशी येते. मोठ्या आणि खास साइजला अजून वाट बघायला लागते. त्यात जून 2020 पासून बाहेरून येणाऱ्या टायरला सरकारचं लायसन लागतं, त्यामुळे इंपोर्टेड स्पोर्ट टायर कधी मिळतात कधी गायब. चारातला एक फाटला आणि तोच पॅटर्न मिळाला नाही तर काय करशील ह्याचा विचार फोटो बघताना कोणी करत नाही.

इन्शुरन्सचं पण ऐक, कारण हे नव्वद टक्के लोकांना माहीत नसतं. साध्या फुल इन्शुरन्समध्ये नुसता टायर फाटला तर काही मिळत नाही, त्याच अपघातात गाडीचं पण नुकसान झालं असेल तरच टायर धरतात, आणि तेव्हाही निम्मेच पैसे. फुगा, कट हे सगळं हवं असेल तर टायरचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं, नव्या गाडीला ते फार महाग पडत नाही, घेतलंयस का बघ. आणि गाडीत बदल करायचे तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने पण सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे बदल चालणार नाहीत. टायरवरून आरटीओने अडवलं असं रोज होत नाही हे मलाही माहीत आहे, पण मोठा क्लेम असेल तेव्हा सर्व्हेअर बरोबर तेवढंच शोधतो. कंपनी स्वतः तुझ्याच मॉडेलला वरच्या व्हेरियंटमध्ये जी साइज देते तिच्यापर्यंत जायला हरकत नसते, त्यापुढे आपल्या जबाबदारीवर.

परदेशी व्हिडिओंचं एका वाक्यात. तिथे, खास करून अमेरिकेत, बऱ्याच गाड्या थंडीत पण चालतील अशा ऑल-सीझन टायरवर येतात, कारण साधा समर टायर 7 अंशांच्या खाली कडक होतो, मग हौशी लोक पहिल्या दिवशी ते काढून समर टायर घालतात आणि त्यांना जमीनअस्मानाचा फरक जाणवतो. आपल्याकडे 16-17 अंश झालं की माणसं शेकोटी पेटवून कानटोपी घालतात. त्यांचा प्रश्न आपल्याला नाहीच, मग त्यांचं उत्तर घेऊन काय करणार?

मग करायचं काय. मी तुझ्या जागी असतो तर आधी हजारभर रुपयात होणारी कामं केली असती. हवा स्टिकरप्रमाणे. टायर प्रेशरचा दिवा देणारी सिस्टीम असेल तर हवा भरल्यावर ती रीसेट करायची, नाहीतर ती चुकीच्या आकड्यालाच बरोबर समजून बसते. मग अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग, गाडी नवी म्हणून ते बरोबरच असेल असं धरू नको. त्याआधी घरीच एक कर, स्टेअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरवर तळहात बाहेरून आत फिरव, मग आतून बाहेर. एका बाजूने गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीसारखं बोचलं तर अलाइनमेंट गेलंय. मधला पट्टा कडांपेक्षा चकचकीत आणि झिजलेला दिसला तर हवा जास्त होती हे तिथेच सिद्ध. आणि बाजूवर एका लंबगोलात चार आकडे असतील, 4825 असेल तर टायर 2025 च्या 48 व्या आठवड्यातला, ते पण टिपून ठेव.

हे सगळं झालं की वळवाच्या अजून दोन-चार सरी पडून रस्ता धुतला जाऊ दे, मग एखाद्या सकाळी सड्यावरच्या मोकळ्या सरळ रस्त्याला जा, मागेपुढे कोणी नाही, गुरं नाहीत बघून 40 च्या स्पीडवरून जोरात ब्रेक दाब. एबीएस पायाखाली खडखडेल, स्टेअरिंग सरळ धर. दोन-तीनदा कर. तुझी गाडी ओल्यात किती लांब थांबते हे तुला कळेल, आणि हे पहिल्यांदा कळायची जागा निवळीच्या उतारावर ट्रकच्या मागे नको. मग घाटातली तीच वळणं पुन्हा घे, पण वळणात ॲक्सिलरेटर अंड्यावर पाय ठेवल्यासारखा. माझा अंदाज, निम्म्याहून जास्त भीती इथेच जाईल.

नाहीच गेली, आणि घाट तुझा रोजचा असेल, म्हणजे दर शनिवार-रविवार कोल्हापूर असं काही असेल, तर बदल. खरंच बदल, त्यात वेडेपणा काही नाही. पण साइज तीच, 205/55 आर16, पैसे रिमवर घालवू नको, रबरावर घाल. लोड इंडेक्स (वजन पेलायचा कोड) 91 आणि स्पीडचा कोड व्ही, त्याच्या खाली उतरायचं नाही, वर चालेल. टायरवाल्याला "स्पोर्ट द्या" म्हणू नको, "ओल्यात सगळ्यात चांगली पकड कोणाची" असं विचार. बऱ्याच टायरवर ट्रेडवेअर म्हणजे झिजेचा आकडा आणि पुढे ट्रॅक्शनचं, म्हणजे ओल्यातल्या पकडीचं, अक्षर असतं, ट्रॅक्शन ए किंवा डबल ए बघ, ट्रेडवेअरचा आकडा जितका लहान तितकं रबर साधारण मऊ आणि तितकं लवकर झिजणारं. दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थ नाही, ते कंपनी स्वतःच ठरवते. मऊ टायर तीस हजार किलोमीटरात संपला तर रडायचं नाही हे आधीच ठरव, मायलेजही जरा उतरेल. चांगल्या ब्रँडचा ह्या साइजचा टायर आठ-दहा हजाराच्या आसपास जातो, म्हणजे चाराचे पस्तीस-चाळीस, तुझ्या लाखाच्या निम्म्यापेक्षा कमी. आणि निघालेले टायर फेकायचे कुठे असतात? 1,900 किलोमीटर चाललेले टायर म्हणजे नवेच, तुझ्याच मॉडेलचा एक लिटरवाला कोणीतरी गोटा झालेले टायर घेऊन फिरत असेल तो हसत हसत घेईल. टायरवाला बायबॅकला जो भाव देईल तो ऐकून मात्र खाली बस.

एक लक्षात ठेव, नवा टायर पहिले तीनशे-चारशे किलोमीटर पूर्ण पकडत नाही, साच्यातून निघताना वर एक बुळबुळीत थर राहतो तो झिजायला लागतो. म्हणून बदलायचे तर मृगाच्या आधी बदलून कोरड्यात फिरवून घे. आज चढवले, उद्या भर पावसात घाट, असं नको.

ज्यांची गाडी जुनी आहे आणि टायर अर्धे झालेत त्यांनी पण इथेच ऐकून ठेवावं. खाचेमध्ये रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की 1.6 मिमी उरलं, कायद्याने टायर संपला. आपल्या पावसात तोपर्यंत थांबू नका, 3 मिमीला बदला, नव्यात साधारण 8 असते. आणि पैशामुळे दोनच बदलणार असाल तर नवे टायर मागे लावा. होय, पुढची ओढणारी गाडी असली तरी मागेच. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, पाय काढला की बहुतेक वेळा हातात येते, मागची घसरली तर गाडी भिंगरीसारखी फिरते आणि ती आवरणं तुमच्याआमच्या हातात नसतं.

हे वाचून तुझे बाबा नक्की वाद घालणार. एसटीत नवा टायर कायम पुढे, रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेला) मागे. त्यांचंही बरोबर आहे, बसच्या मागे जोडचाक असतं, एक फुटलं तरी दुसरं धरून ठेवतं, पुढचं फुटलं तर स्टेअरिंगच जातं, म्हणून तिथे तो नियम. घाल त्यांच्याशी हा वाद, निदान बोलणं तरी सुरू होईल. ते दोन दिवस गप्प आहेत ते टायरमुळे असं मला वाटत नाही. तू लिहिलंयस की गाडी आल्यापासून ते फक्त शेजारी बसलेत, एकदाही चालवली नाही, "एवढी महाग गाडी, कशाला" म्हणून टाळतात. ज्या माणसाने तीस वर्षं त्याच घाटात पन्नास-साठ माणसं बसवून गाडी चढवली उतरवली, तो पोराच्या गाडीची चावी स्वतःहून मागणार नाही रे. हवा बरोबर करून झाली की चावी त्यांच्या हातात दे, साखरप्याच्या पुढे घाट लागतो तिथून आंब्यापर्यंत त्यांना घेऊ दे, आणि तू गप्प शेजारी बसून त्यांचा पाय बघ, वळणाच्या आधी कधी सुटतो आणि नंतर कधी दाबला जातो. वर पोचल्यावर चहा घेताना त्यांनाच विचार टायर कसे वाटले. ते म्हणाले बदल, तर डोळे झाकून बदल.

आणि हवा बघताना स्टेपनीची पण बघ. ती कोणीच बघत नाही.